गिअर ऑइल बदललं आणि दुसरा गिअर खर्र करू लागला: सोलापूरच्या हवेत कोणतं ऑइल घालायचं?

तक्रार एकच, पण पुन्हा पुन्हा येणारी. पुढच्या चाकांवर चालणारी लहान गाडी, साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली. सर्व्हिसिंगला गिअर ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, तर पहिल्यातून दुसरा टाकताना लिव्हर अडतो आणि जोर लावला की खर्र आवाज येतो. चार-पाच किलोमीटर चालून गाडी तापली की त्रास निम्म्यावर येतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तक्रार वाढते. मे महिन्यात कमी होते, पण पूर्ण जात नाही. गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "नवं ऑइल आहे, बसायला थोडा वेळ लागेल."

गिअर ऑइलला बसायला वेळ लागत नाही. योग्य ऑइल पडलं असेल तर फरक पहिल्याच फेरीत कळतो आणि तो चांगल्या बाजूचा असतो. ऑइल बदलल्यावर गिअर आधीपेक्षा जड झाला, तर बहुतेक वेळा चुकीचं ऑइल पडलेलं असतं. बिल काढून पाहा. "गिअर ऑइल ९०" किंवा "१४० नंबर" एवढंच लिहिलेलं असेल, तर नक्की काय घातलं ते त्या बिलावरून कळणारच नाही. गॅरेजला डबा दाखवायला सांगा, डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि गाडीच्या पुस्तकातल्या लुब्रिकंटच्या पानाशी जुळवा.

पण ऑइलवर खापर फोडण्याआधी दहा मिनिटं क्लचला द्या. खर्र करणाऱ्या गाड्यांत क्लच नीट न सुटणाऱ्याही बऱ्याच असतात, आणि तिथे ऑइल कितीही वेळा बदललं तरी पैसे वाया जातात.

आधी क्लच की ऑइल, ते ओळखा

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीतही लिव्हर जड जात असेल, तर दोष गिअर केबलमध्ये, लिव्हरखालच्या बुशमध्ये किंवा सिलेक्टरमध्ये (गिअर निवडणाऱ्या आतल्या यंत्रणेत) आहे. आपल्याकडच्या धुळीत केबलच्या टोकाचं बुश सुकून घट्ट होतं, हे नेहमीचं.

मग इंजिन चालू करा, गाडी तापलेली असू द्या, न्यूट्रलमध्ये आयडलवर. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी गती जुळवणारी रिंग) नसते, म्हणून ही परीक्षा खरी ठरते. पाच सेकंद थांबूनही खर्र झालं, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचा क्लच असेल तर पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) पाहा. हायड्रॉलिक असेल तर क्लच फ्लुइडची पातळी, पाइपातली हवा आणि सिलिंडरची गळती पाहा. पाच सेकंदांनी रिव्हर्स गुपचूप पडला, तर क्लच ठीक आहे.

तिसरी परीक्षा चालत्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर. त्रास देणारा गिअर डबल क्लच करून टाका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून पुढचा गिअर. वरचा गिअर टाकताना मध्ये ॲक्सिलरेटर द्यायचा नाही. खालचा टाकताना क्लच सुटलेला असताना जरासा द्यायचा. एरवी खर्र करणारा गिअर असा टाकल्यावर लोण्यासारखा पडला, तर सिंक्रो रिंग आपलं काम करू शकत नाही, एवढं नक्की झालं. ते ऑइलमुळे की रिंग झिजल्यामुळे, हे ऑइल बाहेर काढल्यावर कळेल.

वेळ कधीची आहे तेही टिपा. थंड गाडीत त्रास, तापल्यावर गायब, म्हणजे ऑइल जाड आहे. थंड-गरम दोन्हीत सारखा, एकाच गिअरला त्रास, म्हणजे चुकीच्या जातीचं ऑइल किंवा झिजलेली रिंग. सगळ्याच गिअरना सारखा त्रास असेल तर पुन्हा क्लचकडे जा.

दुसराच गिअर आधी का ओरडतो

गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एकत्र आणायचे असतात. मध्ये पितळी रिंग असते, हीच सिंक्रो रिंग. तिच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात. रिंग गिअरच्या कोनावर दाबली गेली की या खाचा मधली ऑइलची पापुद्री कापतात, पितळ पोलादाला घासतं, गती जुळते आणि मगच गिअर जोडणारी स्लीव्ह पुढे सरकते. म्हणजे गिअरबॉक्समध्ये एक जागा अशी आहे की जिथे आपल्याला घर्षण *हवं* असतं. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

ऑइल जाड असेल तर पापुद्री वेळेत कापली जात नाही. रिंग तरंगत राहते, आपण लिव्हर ढकलतो, दात दातावर आपटतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गतीतला फरक सर्वांत मोठा असतो, म्हणून आधी दुसराच ओरडतो. पहिला आपण बहुतेक उभ्या गाडीत टाकतो, त्यामुळे त्याची तक्रार झाकली जाते.

"इथं ऊन फार, जाड ऑइल घाला"

सोलापुरातला हा सर्वांत पक्का समज. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, तेव्हा ऑइल पातळ होईल ही भीती समजण्यासारखी आहे. पण आकडे वेगळं सांगतात.

ऑइलच्या डेटाशीटवर दाटपणा दोन तापमानांना दिलेला असतो, ४० अंश आणि १०० अंश. १०० अंशांना एसएई ९० (डब्यावरचा दाटपणाचा नंबर) म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), एसएई १४० म्हणजे २४ ते ३२.५. आता ४० अंशांचा रकाना पाहा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा तापलेल्या ऑइलचा. कंपनीगणिक थोडाफार फरक पडतो, पण ७५डब्ल्यू-८० साधारण ५०, सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० साधारण ८० ते १००, ८०डब्ल्यू-९० साधारण १४० आणि ८५डब्ल्यू-१४० साडेतीनशेच्या आसपास.

४० अंश म्हणजे काय? मे महिन्यात दुपारी सावलीत उभ्या असलेल्या गाडीतलं थंड ऑइल. म्हणजे सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यातही गाडी सुरू करताना १४० नंबर हे ७५डब्ल्यू-९० च्या सुमारे चौपट जाड असतं. जानेवारीच्या पहाटे पारा १२-१५ वर असताना तर हा फरक आणखी वाढतो.

हायवेला तासभर पळवल्यावर गिअरबॉक्समधलं ऑइल ऐंशी अंशांच्या पुढे सहज जातं, मग गाडी पुण्याला चाललेली असो की हैदराबादला. बाहेरच्या दहा-बारा अंशांच्या फरकाची सोय पुस्तकातल्या ग्रेडमध्ये आधीच धरलेली असते. पुस्तकात हवामानाच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असेल, तर त्यातला ४० अंशांपर्यंत जाणारा पट्टा निवडा. तक्त्याबाहेर जाऊ नका.

१४० नंबरची सवय आली ट्रक, ट्रॅक्टर आणि जुन्या जीपच्या मागच्या हाउसिंगमधून (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या पेटीतून). तिथे ते बरोबर होतं. पितळी रिंगांच्या लहान गिअरबॉक्समध्ये त्याचं काम नाही.

आणखी एक गैरसमज: "इंजिनला ४० घालतो, मग गिअरला ९० म्हणजे दुपटीने जाड." इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंशांना इंजिनचं ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, म्हणजे गिअरच्या ९० च्या जवळपासच. होंडाच्या काही जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या पुस्तकात, कंपनीचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालेल, असं छापलेलं आहे. अशा गाडीत थंड असताना त्याहून जाड असलेलं ८०डब्ल्यू-९० ओतलं तर सकाळचा दुसरा गिअर अडू शकतो.

जीएल-४ आणि जीएल-५: मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा नव्हे

सर्वांत जास्त नुकसान या गोष्टीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

जीएल-४, जीएल-५ हे एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गवारीतले गिअर ऑइलचे प्रकार. त्यात जीएल-५ हे हायपॉइड दातांसाठी आहे, म्हणजे मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीसाठी. तिथे दात एकमेकांवर फिरतात आणि जोराने घसरतातही, त्यामुळे ऑइलची पापुद्री फाटते. ती फाटली तरी धातू धातूला चिकटू नये म्हणून गंधक-फॉस्फरसची ईपी (अति दाब सोसणारी) रसायनं घातलेली असतात. जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात.

पितळी रिंगेला ही दुप्पट मात्रा दोन प्रकारे नडते. रसायनांचा थर रिंगेचा पृष्ठभाग निसरडा करतो, म्हणजे जिथे घर्षण हवं तिथेच ते कमी होतं. तापलेल्या गाडीतही न जाणारी खर्र ही अशी असते. शिवाय सक्रिय गंधक तांबं-पितळ हळूहळू काळं पाडून खातं. नव्या जीएल-५ ऑइलमध्ये हा दुसरा दोष बराच आटोक्यात आणलेला असतो, त्यामुळे महिनाभर जीएल-५ वर गाडी चालली म्हणून रिंगा संपल्या असं समजून घाबरू नका. निसरडेपणा मात्र राहतोच.

आता गंमत पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दात तिरके हेलिकल असतात, हायपॉइड नव्हे. म्हणजे जीएल-५ चा जो एकमेव फायदा, त्याची या गाडीला गरजच नाही. तोटा तेवढा पदरात पडतो.

डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेलं असेल तर? तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच डब्यावर किंवा डेटाशीटवर सिंक्रोमेश (सिंक्रो रिंगांच्या) गिअरबॉक्ससाठी योग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काही गाड्यांच्या पुस्तकातच "जीएल-४ किंवा जीएल-५" असं असतं; तिथे रिंगांचा पदार्थ त्याप्रमाणे निवडलेला असतो, तेव्हा दोन्ही चालतात. पुस्तकात फक्त जीएल-४ असेल तर फक्त जीएल-४.

ईको, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हिशोब वेगळा. गिअरबॉक्स वेगळा, मागची हाउसिंग वेगळी आणि दोन्हींची ऑइलंही वेगळी असू शकतात. हाउसिंगला जीएल-५ हवंच. तिथे जीएल-४ घातलं तर क्राउन-पिनियन गुणगुणू लागतं आणि पुढे दात सोलले जातात. बोलेरोवाल्यांनी दोन्ही ठिकाणचं ऑइल एकाच वेळी, एकाच कॅनमधून ओतू देऊ नये. पुस्तकातली दोन पानं वाचून दोन डबे घ्या.

एएमटी (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाड्यांचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, त्यालाही गिअर ऑइलच लागतं. गिअर टाकणारा ॲक्च्युएटर हायड्रॉलिक असेल तर त्याचं ऑइल पूर्ण वेगळं. ते याच्यात किंवा हे त्याच्यात जाता कामा नये.

बदलताना

कुठे २४ चा पाना लागतो, कुठे १७ ची ॲलन की, कुठे चौकोनी खाच असते. आधी पाहून ठेवा. नवे वॉशर आणा. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदाच दबतं. काही गाड्यांत वॉशर नसतं, आट्यांवर सीलंट लावायचं असतं. लहान गाड्यांत ऑइल बहुधा १.८ ते २.५ लिटरच्या दरम्यान बसतं, पण नेमका आकडा पुस्तकातला घ्या. २.२ लिटर लागत असेल तर एक-एक लिटरचे तीन सीलबंद डबे. उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवा, पुढे पातळी भरायला कामी येतं. सुट्टं, पिंपातलं ऑइल घेऊ नका.

१. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑइल सगळं उतरतं आणि गाळही सोबत येतो.

२. गाडी सपाट ठेवा. फक्त पुढची बाजू जॅकवर उचलली तर पातळी चुकते. खड्डा किंवा लिफ्ट उत्तम. नसेल तर चारही बाजू सारख्या उंचीच्या स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

३. भरायचा प्लग आधी सोडा, काढायचा नंतर. हे उलटं केलं आणि भरायचा प्लग जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकते.

४. ऑइल मोजमापाच्या भांड्यात उतरवा, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. २.२ लिटरच्या जागी सव्वा लिटरच निघालं, तर ड्राइव्हशाफ्टच्या सीलखाली ओलावा शोधा. ऑइल कमी असलं की बऱ्याच गाड्यांत टोकाला बसलेल्या पाचव्या गिअरला आधी झळ बसते. हायवेला पाचव्यात येणारी शिट्टी अनेकदा तीच.

५. मॅग्नेट असलेला प्लग पुसा, नवं वॉशर लावून पुस्तकातल्या टॉर्कला कसा. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं. जोर दाखवलात तर आटे जातात.

६. हातपंपाने किंवा वरून नळी-नरसाळ्याने भरा. बाजूच्या भोकाच्या कडेपर्यंत ऑइल आलं आणि बारीक धार गळून थेंबावर आली, की पातळी झाली. वर आणखी ओतू नका. जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

डिझेल किंवा रॉकेलने आतून धुण्याची पद्धत इथे अजून दिसते. करू देऊ नका. खाचाखोचांत राहिलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं आणि बेअरिंगवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. आधी १४० किंवा जीएल-५ पडलं असेल तर योग्य ऑइल भरा, पाचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. कोपऱ्यात राहिलेलं जुनं ऑइल तेवढ्याने निघतं.

उतरवलेलं ऑइल वाचा

उन्हात धरून पाहा. मॅग्नेटवर करड्या रंगाची, काजळासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. ऑइलमध्ये सोनेरी चमचम दिसली तर ती पितळी रिंग आहे. थोडी चालते, पण ऑइल हलवल्यावर सोन्याचा वर्ख फिरल्यासारखं दिसत असेल तर रिंग उतरणीला लागली. बोटांत टोचणारे पोलादाचे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग; ती गाडी हायवेला नेऊ नका.

रिंग झिजली असेल तर कुठलंही ऑइल ती परत आणत नाही. घर्षण कमी करणारी, "गिअर मऊ करणारी" बाटली ओतणं तर उलटंच आहे: उरलंसुरलं घर्षणही ती काढून घेते. गिअरबॉक्स उतरवल्यावर रिंग कोनावर दाबून रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने मोजतात. बऱ्याच गाड्यांत ती नव्या रिंगेला १ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ०.५ च्या खाली गेली की रिंग बाद. गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी पाहून घ्या. मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही.

न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर ते इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. या दोन्हींना जाड ऑइल घालून आवाज दाबण्याचा सल्ला मिळतो. आवाज महिनाभर दबतो, बेअरिंग तेवढ्या वेळात आणखी खराब होतं आणि दुसरा गिअर फुकट बिघडतो.

ऑइल दुधाळ, ताकासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. सीनेला किंवा भीमेला पूर आला की पुलावरच्या, ओढ्यावरच्या पाण्यातून गाड्या काढल्या जातात. तापलेला गिअरबॉक्स एकदम पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) पाणी आत ओढलं जातं. चाकाचा अर्धा भाग बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटरचा हिशोब बाजूला ठेवून त्याच आठवड्यात प्लग सोडून चमचाभर ऑइल पाहा. दुधाळ असेल तर लगेच बदला, शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, पुन्हा पाहा. अजून पांढुरकं असेल तर आणखी एकदा. ब्रीदरची टोपी चिखलाने बुजली असेल तर ती साफ करा, नाहीतर पुढे दाब वाढून सील गळू लागतात.

काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावा: तारीख, किलोमीटर, एसएई ग्रेड, जीएलचा आकडा, किती लिटर बसलं. पुढच्या वेळी गॅरेजात "नव्वद घालू का?" असं विचारलं, तर त्या चिठ्ठीवर बोट ठेवता येईल.